नाव ठेवणारी अक्का

आमच्या अक्कापुढे नवीन जन्मलेलं पोर ठेवलं, की ती आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढायची. बाळंतिणीलाही भिंतीकडे तोंड करायला लावायची. मग पोर मांडीवर घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. आत काय चालायचं ते कोणाला माहीत नाही. बाहेर आली की एकच शब्द बोलायची, ते त्या पोराचं नाव. भटजीनं कोणतंही अक्षर काढलेलं असो, नाव तेच. तोपर्यंत पोराला ती 'पाहुना' म्हणायची. "पाहुना काबरं रडस? भूक लागनी व्हई."

अक्का माझी थोरली बहीण. तिला धुळ्याला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती पारोळ्याजवळ आमच्या गावी परत आली ती कायमचीच. आमच्यात बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. माझ्या मुलाची आत्या एकच, ती अक्का. मला मुलगी नाही, म्हणजे पुढे माझ्या नातवंडांनाही आत्या म्हणून तीच. तिचं म्हणून घरात दुसरं काही नव्हतं. शेत माझं, घर माझं, चूल माझ्या बायकोची. नाव ठेवणं तेवढं तिचं; भावकीतल्या पोरांची आत्या म्हणूनही तिलाच बोलवायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, अक्का नाव ठेवते आणि नावंही ठेवते. तेही खोटं नव्हतं. माझ्या बायकोच्या भाकरीला तिनं जन्मभर नावं ठेवली आणि जन्मभर ती भाकरी खाल्ली.

माझा मुलगा रमेश धुळ्याला फिटरचं काम शिकला आणि मस्कतला नोकरीला गेला. लग्नानंतर त्यानं सुनेला, शोभाला, थोड्या दिवसांसाठी तिकडे बोलावलं. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा काळ असेल. तिच्या पासपोर्टवर शिक्का मारून आला, त्याला व्हिजिट व्हिसा म्हणतात असं कळलं. मी चौथीपर्यंत शिकलेलो आहे, पण इंग्रजी येत नाही म्हणून कोणापुढे मान खाली घातलेली नाही. मी सरळ अडत्या शेठला विचारलं, ज्याच्याकडे आमचा कापूस जायचा. तो म्हणाला, "पाहुणी म्हणून राहायचा परवाना." हे मला समजलं. शोभाला तेव्हा दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी, यावलला करायचं ठरलेलं. सातव्यात परत यायचं, असं बोलणं होऊन ती गेली.

सातव्यात तिला कावीळ झाली. बरी होऊन निघाली, तर विमानवाल्यांनी पोट बघितलं आणि चढू दिलं नाही. मग ती तिकडेच बाळंत झाली. तार आली: मुलगा झाला, दोघं बरी. मी पेढे वाटले. अक्कानं पेढा हातात धरला, तोंडात घातला नाही.

"भाऊ, ती तठे पाहुनी म्हनीसन गयी ना?"

"हो."

"मंग पाहुनीनी बाळंतीन व्हवानं काय? यावलनं माहेर सोडीसन?"

"तिनं काय मुद्दाम केलं का अक्का?"

"मी कोठे म्हनस मुद्दाम कयं? मी इचारस, आते तो पोऱ्या कोनकडला?"

 यावलचा म्हणावा तर यावल त्यानं पाहिलेलं नाही. आमचा म्हणावा तर आम्ही त्याला पाहिलेलं नाही. आणि तिकडचा म्हणावा, तर त्याची आईच तिकडे पाहुणी.

पुढे शेठचा माणूस निरोप घेऊन आला. बाजाराच्या दिवशी दुकानात रमेशचा फोन येणार आहे, अक्काला घेऊन या. आम्ही बैलगाडीनं पारोळ्याला गेलो. फोन आला तेव्हा आधी मी घेतला. रमेश भराभरा बोलत होता. पोराला घेऊन यायला परवाना लागतो. त्यासाठी आपल्या वकिलातीत शोभाच्या पासपोर्टवर पोराचं नाव लावायचं. शोभाच्या व्हिसाची वाढवून घेतलेली मुदतही संपत आली आहे, त्याच्या आत निघायला हवं.

मी म्हटलं, "अरे, जाताना पोर पोटात होतं तेव्हा कोणी विचारलं नाही. आता तेच पोर बाहेर आलं तर परवाना कशाला?"

"आबा, ते मला नका विचारू. अक्काला द्या."

अक्कानं फोन घेतला. मी बाजूला कान लावून उभा राहिलो. माझे कान तेव्हा उत्तम होते, हे मी आधीच सांगून ठेवतो.

"अक्का, नाव सांग. आजच पाहिजे."

"तोंड देखाशिवाय नाव कसं ठेवू रे? आठे लई ये, मंग ठेवस."

"नाव नसलं तर आणू कसा?"

"आनाशिवाय ठेवू कसं?"

दुकानात हमाल हसायला लागले. मला मात्र हसू येईना. नाव नाही तर कागद नाही, कागद नाही तर पोर येत नाही, पोर येत नाही तर तोंड दिसत नाही, आणि तोंड दिसत नाही तर नाव नाही. मी मनात हे दोन वेळा फिरवून पाहिलं. चूक कुठे आहे तेच सापडेना. दोघांचंही बरोबर होतं.

शेठ गादीवरून म्हणाला, "अक्का, सांगून टाका काहीतरी. गणपत सांगा, मारुती सांगा."

"शेठ, कापूसना भाव तुम्ही ठरावा. मन्हा घरना पोऱ्यानं नाव मी ठरावसू."

तिकडे रमेशचा आवाज रडवेला झाला. खरखर वाढली, त्याचे अर्धे शब्द ऐकू येईनात. मुदत, शोभा, एकटी, एवढंच कळत होतं. अक्काचं तोंड उतरलं. ती फोनमध्ये ओरडली, "रडू नको पोऱ्या! तू धीर धर! आयकू येस का? तू धीर!" आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

 परत येताना गाडीत ती म्हणाली, "भाऊ, तोंड कसं व्हई रे तेन्हं?"

"माणसासारखंच असेल."

ती चिडली नाही, म्हणून मला काळजी वाटली. पुढचे काही दिवस ती जेवताना घास हातात धरून बसायची. रमेश जन्मला तेव्हा दिसायला कसा होता, शोभाचं नाक कसं आहे, असं मला आणि माझ्या बायकोला विचारायची. न बघितलेलं पोर डोळ्यांपुढे आणायचा तिचा प्रयत्न चालला होता. एका सकाळी लुगडं बदलून उभी राहिली. "चाल भाऊ, फोन लावू. तोंड नही देखं तरी चाली. पोर अडकी ऱ्हायनं." एवढी मोठी माघार तिनं आयुष्यात कधी घेतली नव्हती.

आम्ही निघणार तोच पोस्टमन तार घेऊन दारात. सुधीर नाव लागलं, निघतो.

सुधीर कोण? आमच्या सात पिढ्यांत सुधीर नाही. मी भडकलो. सरकारनं परस्पर नाव ठेवलं म्हणून वकिलातीला भरपूर शिव्या दिल्या. अक्का ओसरीवर बसली. लुगड्याचा पदर हातात घेऊन म्हणाली, "मन्हं काम सरनं."

रमेश, शोभा आणि पोर घरी आले तेव्हा गल्ली जमली होती. रमेश आधी अक्काच्या पाया पडला. "अक्का, तू वेळेवर नाव सांगितलंस म्हणून सुटलो. खरखरीत मला नीट ऐकू येईना, पण तू पुन्हा ओरडलीस ना, सुधीर, तेव्हा कळलं."

मला तिथे उभ्या उभ्या उजेड पडला. तू धीर! मी बोलायला तोंड उघडलं, "अरे, ती तर तुला..."

"भाऊ, तू चूप बैस," अक्का म्हणाली. "मीच सांगं फोनवर, सुधीर."

शोभानं पोर तिच्या मांडीवर दिलं. अक्कानं सगळ्यांना बाहेर काढलं. नाव तर केव्हाच लागलं होतं, सरकारी शिक्क्यासकट. मग आता आत बसून ही काय बघते, ते मला समजेना. बायका दारात ताटकळल्या. ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते. "सुधीर," म्हणाली, आणि बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली.

त्यानंतर मी तिला पुष्कळदा छेडलं. "अक्का, तू धीर धर म्हणाली होतीस."

"तुन्हा कान खराब शेतस."

"मी तुझ्या शेजारी उभा होतो!"

"उभा व्हता, पन आयकं नही. मीच सांगं."

अक्का कधी खोटं बोललेली मला आठवत नाही. माझ्या बायकोच्या तोंडावर तिनं भाकरी जाड आहे म्हणून सांगितलं, भटजीला मंत्र चुकला म्हणून सांगितलं. मग या एका गोष्टीत ती खोटं बोलली असेल का? की ओरडताना तिच्या मनात नाव येऊन गेलं आणि तेच तोंडातून निघालं? मी माझ्या कानांवर ठाम आहे. पण ती आठवली की माझा ठामपणा ढिला पडतो. शेवटपर्यंत, धुळ्याच्या दवाखान्यात असतानाही, भेटायला येणाऱ्यांना सांगायची, सुधीरचं नाव मी फोनवर ठेवलं, तोंड न बघता ठेवलेलं ते एकच. सुधीर शाळेत जायला लागला त्या साली ती गेली.

ती गेल्यावर रमेशला मुलगी झाली. ही मात्र रीतीप्रमाणे यावलला, शोभाच्या माहेरीच झाली. परवाना नाही, फोन नाही. बारशाला पाळणा सजवला, बायका जमल्या आणि थांबल्या. आत्या नव्हती. माझी बायको म्हणाली, शेजारची कोणीतरी बसवू, लोक तसं करतात. मी नाही म्हटलं. रमेश समजवायला आला, त्यालाही नाही म्हटलं. बायकांनी नावाशिवायच पाळणा हलवला आणि घुगऱ्या घेऊन घरोघर गेल्या. पोरीला आम्ही 'बाई' म्हणत राहिलो. शाळेत घालताना मास्तरांनी नाव विचारलं, तेव्हा शोभाच्या तोंडाला जे आलं ते तिनं सांगितलं.

चांगलं नाव आहे. पण हे नाव कोणी ठेवलं असं पाहुण्यानं विचारलं, की आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. 'मी ठेवलं' म्हणायला कोणी पुढे होत नाही.