तिसऱ्या रांगेतलं हसू

माझं काम ऐकण्याचं. टीव्ही केंद्राच्या दोन नंबरच्या स्टुडिओत मागच्या बाजूला काचेची खोली आहे, तिथे मी कानांवर हेडफोन चढवून बसतो. समोरचा माणूस काय बोलतो याकडे माझं फारसं लक्ष नसतं. तो श्वास कुठे घेतो, घोट कधी गिळतो, खुर्ची कशी करकरते, हे मला आधी ऐकू येतं. सगळं इतकं जवळ येतं की जागेपणी झोपल्यासारखं वाटतं. अशा गुंगीत मी फसवेसाहेबांची अकरा वर्षं ऐकली.

फसवे हे त्यांचं आडनाव नव्हे. आधी ते एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासायचे. लोकांच्या पुस्तकांतले काने, मात्रे, वेलांट्या ठाकठीक करता करता त्यांनी स्वतःचं एक विनोदी पुस्तक लिहिलं. त्याच्या पाठीवर छापायचं होतं, 'वाचकांना खदखदून हसवणारा लेखक'. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या हातून 'ह'चा 'फ' झाला. दुसऱ्यांच्या चुका चिमटीत पकडणाऱ्या या माणसाच्या नजरेतून नेमका तोच निसटला आणि 'फसवणारा लेखक' बाजारात आला. लोकांना वाटलं, काय पठ्ठ्या आहे, स्वतःचीच टोपी उडवतो! पुस्तक हातोहात खपलं, साहेबांना 'फसवे' हे नाव चिकटलं, आणि त्या एका अक्षराच्या जोरावर टीव्हीवाल्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

आता त्यांच्या विनोदाची एक खोड होती. तो उशिरा कळायचा. 'आमच्या शेजाऱ्यांनी घड्याळ दुरुस्त करून घेतलं, तेव्हापासून ते रोज कामावर उशिरा पोचतात.' हा मला तिसऱ्या दिवशी दाढी करताना कळला आणि गाल कापला. पुस्तकात हे खपून जातं, वाचणारा दोन ओळी मागे जाऊन येतो. टीव्हीवर कोण कुठे मागे जाणार?

पहिल्याच गुरुवारी पंचाईत झाली असती. साठ प्रेक्षक, एक खुर्ची, एक दिवा, हातात कागद. साहेबांनी पहिला विनोद वाचला आणि माझ्या कानात साठ माणसांचा नुसता श्वास आला. निर्मातीबाईंनी माझ्या खोलीत येऊन कपाळाला हात लावला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक बाई हसली. बारीक, झुळझुळ हसू, पाणी सोडल्यावर नळीतून आधी हवा यावी तसं. तिच्या हसण्याला शेजारचा हसला, त्याला पाहून मागचे, आणि बघता बघता स्टुडिओ डुलायला लागला. विनोद कोणालाच कळला नव्हता. हसण्याची लागण झाली होती.

"त्या बाईंना दर आठवड्याला बोलवा," निर्मातीबाई म्हणाल्या. बोलवायची गरजच नव्हती. ती साहेबांची बायको होती. वहिनी साहेबांचे कच्चे कागद सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायच्या आणि गुरुवारी तिसऱ्या रांगेत येऊन बसायच्या. कार्यक्रम अकरा वर्षं चालला. साहेब रस्त्याने चालले की लोक ओळख देत. माझ्या लेखी त्या यशातला निम्मा वाटा तिसऱ्या रांगेचा होता, पण मला विचारतो कोण!

मग एका गुरुवारी साहेबांनी एकदम दोन पानं उलटली. तिसऱ्या पानाच्या शेवटी वाक्य होतं, 'डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.' विनोद चौथ्या पानावर होता. साहेबांनी पाचवं वाचायला घेतलं, 'जिन्याचं तसं नाही.' आणि तिसरी रांग हसली. नेहमीच्याच ठिकाणी, नेहमीइतकंच. पाठोपाठ साठ माणसं हसली. साहेब थांबले. त्यांनी पानाचा आकडा पाहिला, मग वहिनींकडे पाहिलं. त्यांचा घोट गिळल्याचा आवाज मला स्पष्ट आला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"ती न वाचलेल्या विनोदाला हसली रे."

"चुकून झालं असेल, साहेब."

"चुकून नाही. ती पाठ करून येते. आजाऱ्याला नाही का आपण म्हणत, आज चेहरा बरा दिसतोय हो? तशी ती अकरा वर्षं मला सांभाळून घेतेय." ते स्टुलावर बसले. "जुन्या फिती लाव. तिला एकदा तरी खरं हसू आलंय का, एवढं मला ऐकून सांग."

आम्ही दिवसभर ऐकलं. खिडकीतून ऊन आत आलं, टेबलावरून सरकत निघून गेलं. एकामागून एक वर्षं वहिनी हसत होत्या आणि आम्ही दोघं जणू तळ्याच्या काठी बसलो होतो. माझी जीभ मी आवरायला हवी होती. पण कान म्हणजे माझा सगळा अभिमान, तो आडवा आला.

"त्या हसण्याआधी श्वास घेतात, साहेब. दर वेळी. हसू खरोखर फुटतं त्याला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही."

साहेब उठून गेले. मला स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. त्यांनी लिहिणं थांबवलं. निर्मातीबाईंनी दोन आठवडे जुने भाग दाखवले, तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "कार्यक्रम बंद करते." साहेब म्हणाले, "करा."

त्या शुक्रवारी मी साहेबांना सही करायला बोलावलं होतं. फिती परत कपाटात जायच्या होत्या. ते सही करत असतानाच वहिनी आत आल्या, हातात ही जाड फाइल.

"भाऊजी, तुम्हीच का ते श्वासवाले?"

मी मान खाली घातली.

"बरोबर ऐकलंत. पाठ असलेल्या विनोदाला श्वास घेऊनच हसावं लागतं." मग त्या साहेबांकडे वळल्या. "अहो, मी गुरुवारी हसतच नाही. मी सोमवारी हसते. तुम्ही केंद्रावर निघालात की मी उतरवायला बसते. विनोद लिहून होतो तेव्हा कळत नाही. पुढच्या चार ओळी उतरवल्या की एकदम कळतो, आणि हात हलतो." त्यांनी फाइल उघडली. पानापानावर शाई फिसकटलेली होती, एखादा शब्द लांब शेपटी काढून समासात गेलेला. प्रत्येक डागाभोवती साहेबांनी तपासनीसाच्या लाल शाईने गोल काढून शेजारी लिहिलं होतं, 'अक्षर सुधार'.

"अकरा वर्षं मी हसले आणि तुम्ही त्याला चूक म्हणून खूण केलीत. गुरुवारी इथे येऊन तेच आठवून हसायचे. नाहीतर तुम्ही त्या खुर्चीत एकटे पडला असता. ते मला बघवलं नसतं."

साहेब बराच वेळ एका डागावर बोट फिरवत राहिले. "मी तुला हसताना कधी पाहिलंच नाही गं," ते म्हणाले. "मला बघायचंय."

शनिवार, रविवारी त्यांनी लिहिलं. सोमवारी ते केंद्रावर आले नाहीत. निर्मातीबाईंनी कुरकुर करत शेवटचा म्हणून एक गुरुवार दिला.

साहेब वाचत होते, माझ्या कानात कागदाची सळसळ होती, साठ श्वास होते. दुसऱ्या पानावर ते अडखळले. कागद जवळ नेला, लांब धरला, चष्मा कपाळावर चढवला.

"इथे शाई सांडलीय," ते म्हणाले. "विनोद काय होता, आता लागत नाही. पण सोमवारी आमच्या घरी फार चालला."

साठ माणसं एकदम हसली. श्वास न घेता, कोणाची वाट न पाहता. साहेबांनी कागद खाली ठेवला आणि तिसऱ्या रांगेकडे बघत राहिले. त्या सगळ्या हसण्यात मी वहिनींचा आवाज पुष्कळ शोधला. तो नव्हता. तिसऱ्या रांगेतून हलकेच नाक ओढल्याचा आवाज आला.

"तेवढं काप," निर्मातीबाई म्हणाल्या.

मी कापलं नाही.