मोलगीला नेण्याजोगा लॅपटॉप

ऑपरेशनला वर्ष होत आलं तेव्हा मी लॅपटॉप घ्यायला निघाले. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, आणि तेव्हापासून त्या बाजूचा खांदा आणि दंड बधिर आहे. चिमटा काढला तर दिसतो, कळत नाही. या हाताने वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाकी मी ठणठणीत होते. म्हणजे भेटायला येणारे तसं म्हणायचे आणि मी चहा टाकायला उठायचे.

माझं काम डोंगरात. मोलगीच्या आसपासच्या पाड्यांवर जायचं, बायकांना एकत्र बसवायचं आणि बाळंतपणातल्या काळजीचे व्हिडिओ त्यांच्या बोलीत दाखवायचे. जीप सोडते तिथून पुढे पायी. जुना लॅपटॉप पाट्यासारखा जड आणि त्याचा चार्जर वरवंट्यासारखा. संस्थेच्या साहेबांनी फोनवर मायेने सांगितलं, "ताई, आता शहाद्याच्या ऑफिसातच बसा, अहवाल बघा. पाड्यांवर दुसऱ्या कुणाला पाठवू." मी म्हटलं, हलका लॅपटॉप घेते आणि येते. बरं, महिनाअखेरपर्यंत थांबतो, म्हणाले. चांगल्या माणसांवर रागावताही येत नाही. तसा मला तेव्हा कशाचाच राग येत नव्हता.

मिस्टर सोबत आले. ब्राह्मणपुरीला आमची पपई आहे, आणि पपईवाल्याला वजनकाटा लागत नाही. आमच्याकडे पपई असो, टरबूज असो की पाहुण्यांचं लेकरू, आधी हातात घेऊन जोखायचं. जड ते भरलेलं, हलकं ते पोकळ. जुना लॅपटॉपही त्यांनीच असा जोखून घेतला होता. दुकानातला सगळ्यात वजनदार नग निवडला आणि घरी येईपर्यंत खुशीत होते. पाड्यापाड्यांवर तो मी वागवला.

नंदुरबारच्या दुकानदाराने तीन लॅपटॉप काढून ठेवले. मी विचारायचं ते विचारलं. डोंगरात वीज असली तर असते, तेव्हा बॅटरी दिवसभर चालेल का? बायका अंगणात बसतात, स्क्रीन उन्हात दिसेल का? त्याने एक उचलून दारात नेला, उन्हात धरून दाखवला. चित्र स्वच्छ दिसत होतं. तोच सगळ्यात हलकाही होता.

मिस्टरांनी तो तळहातावर घेतला, खालीवर केला. "हाई ते पापड शे. यामा काय ऱ्हाई?"

"काका, आता हलकंच भारी," दुकानदार म्हणाला.

ते हसले नाहीत. कोपऱ्यातल्या मोठ्या स्क्रीनच्या लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, "तो दखाडा."

तो जुन्याचा सख्खा भाऊ होता. मी नको म्हटलं, त्यांनी परत जोखला. मी पुन्हा नको म्हटलं. यांना एवढं समजू नये? शेवटी मी हलका लॅपटॉप बॅगेत टाकला आणि बॅग सवयीने डाव्या खांद्यावर अडकवली.

"काही ओझं वाटतंय का, ताई?"

"नाही."

दुकानदार खूश झाला. मिस्टर माझ्याकडे बघत राहिले. त्या खांद्यावर गव्हाचं पोतं ठेवलं तरी मी नाहीच म्हटलं असतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. मी बॅग उजवीकडे घेतली, चार्जर मागितला, तोही आत टाकला. आता वजन कळलं. थोडं होतं, चालण्यासारखं. मनात म्हटलं, हाच. आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

"भायेर ये जरा," मिस्टर म्हणाले.

रस्त्यावरून मिरचीचा ट्रक गेला आणि दोघांनाही शिंका आल्या. नाक पुसत ते म्हणाले, "हलका लिधा ते तू जाशी."

"त्यानाच साठे लेवानं शे ना."

"जड लिधा ते घर ऱ्हाशी. माले तू घर पाहिजे."

इतका वेळ ते लॅपटॉप जोखत होते असं मी समजत होते. मला रडू यायला हवं होतं, निदान संताप तरी. काहीच आलं नाही. मी ऐकलं, आणि घरी बसून माझं काय झालंय, ते खरं तेच बोलले.

"घर बसीसन मी कशी व्हयनू, ते तुम्ही देखेल शे."

ते आत गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "तो पापडच बांध."

मोलगीच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी मला मोटरसायकलवरून जीपपर्यंत सोडलं. बॅग त्यांच्याच गळ्यात. जीप भरेपर्यंत द्यायला तयार नाहीत. मी खिडकीशी बसले, तेव्हा त्यांनी ती खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. जेवली का, गोळी घेतली का, काही विचारलं नाही. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तरी बॅगेचा पट्टा त्यांच्या मुठीतच होता आणि ते जीपबरोबर दोन पावलं चालले.

"सोडा आते," मी म्हटलं.

त्यांनी सोडला.