धम्ममावशीची माफी

धम्ममावशी पहिल्यांदा पडली, ती खरीच पडली होती. तेव्हा तिला हे नावही नव्हतं. स्टुडिओच्या कपडेपटात ती इस्त्री करायची, तुटलेली बटणं लावायची, कलाकारांच्या काखेतले घामाचे डाग चोळून काढायची. लहान मुलांच्या एका मालिकेचं शूटिंग चालू होतं. दुकानदारणीचं काम करणारी नटी आलीच नाही, तेव्हा डायरेक्टरनं हिला हाक मारली.

"मावशी, त्या खुर्चीवर जरा बसा हो. काही बोलायचं नाही, नुसता लाइट बघायचाय."

ती बसली. खुर्चीचा मागचा पाय आधीच खिळखिळा होता. काडकन मोडला आणि मावशी पाय वर करून पाठीवर. अख्खा सेट खो खो हसला. तीही हसली. करते काय, चाळीस माणसं हसत असताना एकटीनं कळवळायला फार धीर लागतो. कॅमेरा चालू होता. डायरेक्टर तर टाळ्या पिटत म्हणाला, "हे सोनं आहे सोनं!"

तेव्हापासून नऊ वर्षं ती पडत होती. दर भागात एक खुर्ची. सुतारकाका सकाळी करवत घेऊन बसायचे, पाय पाऊण कापायचे, फटीत मेण भरायचे आणि वरून पॉलिश मारायचे. सतरंजीखाली बोटभर जाडीची गादी असायची, पण ती गादी आणि मावशीचं माकडहाड यांची भेट नेहमी होतच होती असं नाही. कधी गादी चार बोटं डावीकडे, तर कधी मावशी चार बोटं उजवीकडे.

मावशीनं त्या दुकानदारणीत जीव ओतला होता. तिचं ते नाकात बोलणं, गिऱ्हाइकाला उलट हिशेब शिकवणं, दुकानातल्या कळसूत्री पोपटाशी हुज्जत घालणं, सगळं तिनं स्वतःच्या डोक्यानं उभं केलेलं. पण रस्त्यात भेटणाऱ्या एकाही माणसाला त्यातलं एक वाक्य आठवायचं नाही. पोरं मागून ओरडायची, "धम्म!" बँकेतला कारकून म्हणायचा, "मावशी, जपून बसा, खुर्ची बँकेची आहे." सख्ख्या भाचीनं नव्या घरात तिच्यासाठी मुद्दाम लोखंडी स्टूल आणून ठेवलं होतं. सगळ्यांना वाटायचं आपणच पहिल्यांदा हे बोलतोय, आणि मावशी प्रत्येकाला पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसून दाखवायची.

मग एका रविवारच्या भागात आवाज घातला गेला.

आवाजाचं काम करणारा माणूस मोठा अवलिया होता. ओल्या रबरी हातमोज्यातून त्यानं एक लांबलचक, शेवटी सूर चढवणारा पाद काढला आणि खुर्ची मोडण्याच्या बरोब्बर आधी बसवून दिला. शूटिंगच्या दिवशी असलं काही नव्हतंच, त्यामुळे मावशीला पत्ता नव्हता. तिनं तो भाग घरी, नवऱ्याशेजारी बसून पाहिला. आवाज आला तशी ती आधी दचकली, मग दोघं इतकं हसले की नवऱ्याला ठसका लागला.

"पादा पण नांदा!" डोळे पुसत नवरा म्हणाला.

"अहो, पण मी नाही हो!" मावशी म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली. नऊ वर्षांत आपल्या मालिकेला ती मनापासून हसली, ती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी आभाळ कोसळलं. पालकांच्या एका संघटनेनं पत्रक काढलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्रात दोन रकाने भरून विचारलं, की आपण पुढच्या पिढीच्या हाती हेच देणार आहोत का. बातम्यांच्या चॅनलवर चार माणसं चार चौकटींत बसून नाकानं कांदे सोलू लागली. हातमोज्याचा फोटो कुठेच नव्हता. सगळीकडे फोटो होता मावशीचा, पाय वर केलेला. खाली लिहिलेलं, 'घाणेरडा विनोद'. बुधवारपर्यंत त्यातला 'विनोद' गळाला. भाजीच्या दुकानात एक बाई आपल्या मुलीला मागे ओढत म्हणाली, "ही ती घाणेरडी बाई."

मावशी त्या दिवशी भाजी न घेता घरी आली.

शुक्रवारी तिला चॅनलच्या वरच्या मजल्यावर बोलावलं. तिथल्या अधिकारी बाई फार गोड बोलायच्या. त्यांनी पाणी मागवलं, एअर कंडिशनर कमी केला आणि एक कागद पुढे सरकवला.

"उद्या पालकांना स्टुडिओत बोलावलंय. पत्रकारही येतील. तुम्ही फक्त एवढं वाचून दाखवायचं. दोन मिनिटांचं काम."

मावशीनं चष्मा लावला. 'माझ्या असभ्य वर्तनामुळे बालमनावर जो आघात झाला...' तिथंच ती थांबली.

"माझ्या? बाई, मी पादले नाही."

"मला माहीत आहे हो."

"मग ज्यानं तो आवाज काढला त्याला उभं करा. डायरेक्टरला करा. पास कुणी केला हा भाग? इथंच, या मजल्यावर ना?"

"त्यांना कोण ओळखतं, मावशी? लोकांना तुमचा चेहरा माहीत आहे."

"चेहरा?" मावशी म्हणाली. "माझा चेहरा कधी बघितलाय हो कुणी?"

बाईंनी कागद आणखी पुढे सरकवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि संन्याशानं दोर स्वतःच वळून आणावा अशी त्यांची अपेक्षा होती. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती उठली नाही. म्हणाली, "पत्रं दाखवा मला."

"कोणती?"

"तक्रारीची. माफी मागायची तर कुणाला काय लागलंय ते कळायला नको?"

बाईंना वाटलं म्हातारी वळली. त्यांनी शिपायाकडून तीन खोकी आणवली आणि मावशीला शेजारच्या रिकाम्या खोलीत बसवलं. मावशीनं नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. सगळी हयात त्यानं पोस्टात टपाल निवडण्यात घालवली होती. पत्र हातात घेतलं की त्याचा अंगठा आपोआप पाकीट उघडायचा. दोघांनी संध्याकाळपर्यंत पत्रं वाचली. शिव्या होत्या, सुभाषितं होती, एकीनं तर बाळाच्या झोपेचं वेळापत्रकच जोडलं होतं.

मावशी एकच गोष्ट शोधत होती. या दीड-दोन हजारांत एकाला तरी खुर्चीबद्दल काही वाटलंय का? एकाला तरी असं वाटलंय का, की एका जाड बाईला दर आठवड्याला आपटून पोरांना हसवणं बरं नाही?

नव्हतंच. उलट नवरा एक पत्र वाचता वाचता मध्येच गप्प झाला.

"वाचा की."

"राहू दे गं."

"वाचा म्हणते ना."

त्यानं वाचलं. "इतकी वर्षं आम्ही ही मालिका सहकुटुंब पाहतो. धम्ममावशी पडते तो प्रसंग म्हणजे निर्मळ विनोदाचा आदर्श आहे. कृपया त्याला गालबोट लावू नये."

"निर्मळ," मावशी म्हणाली.

तसली पत्रं मग अकरा निघाली. नवऱ्यानं सवयीनं ती वेगळी काढून गठ्ठा बांधला. मावशी खिडकीपाशी उभी राहिली. तिचा श्वास मोठ्यानं चालू होता आणि नवरा, शहाणा माणूस, खोकी बंद करू लागला.

शनिवारी सकाळी मोठ्या सेटवर दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत मुख्याध्यापक, मागे आया, बाप, कॅमेरे. सुतारकाका भिंतीला टेकून उभे होते. मंचावर मावशीसाठी खुर्ची ठेवलेली. मावशीनं ती हातानं बाजूला केली आणि उभीच राहिली. कुणीतरी खुदकन हसलं.

तिनं कागद उघडला, पुन्हा त्याची घडी घातली आणि पिशवीत टाकला.

"तो आवाज माझा नव्हता," ती म्हणाली. "असता, तरी मी माफी मागितली नसती. या हॉलमध्ये ज्याच्या पोटात कधी वारा धरला नाही, त्यानं हात वर करावा."

मागे दोघं-तिघं फिसकन हसले. अधिकारी बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"नाही ना? तो विनोद सगळ्यांचा आहे. जाड्याचा, बारक्याचा, मास्तरांचा. पोरगं त्याला हसतं तेव्हा स्वतःलाही हसत असतं. खुर्चीचा विनोद माझ्या एकटीचा आहे. नऊ वर्षं तुम्ही मला आपटताना बघताय. तीनशेच्या वर खुर्च्या झाल्या. माझे दोन मणके सरकलेत. तुमची एवढी पत्रं वाचली मी काल, मला वाटलं एक तरी असेल. एकानंही लिहिलं नाही हो! वर निर्मळ म्हणता!"

मुख्याध्यापक उभे राहिले. "बाई, विषय भरकटवू नका. प्रश्न शिष्टाचाराचा आहे."

"बसा हो सर. तुम्हाला कापलेली खुर्ची दिलेली नाही."

आता कुणीच हसलं नाही. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक तरुण बाई उठली. तिचा आवाज भांडायचा नव्हता, खरंच विचारत होती ती. "पण मावशी, तुम्हीसुद्धा हसत होतात ना? दर वेळी पडलात की तुम्हीच आधी हसायचात. आम्हाला वाटायचं तुम्हाला मजा येते."

मावशीनं तोंड उघडलं. मुख्याध्यापकांना उत्तर देणं सोपं होतं. हिला काय सांगणार? की तेव्हा सगळे हसत होते म्हणून? की त्यानंतर थांबायचं कधी तेच कळलं नाही म्हणून?

"हो," ती शेवटी म्हणाली. "हसत होते. माफी मागायची तर त्याची मागते. तुमच्या पोरांच्या वर्गात एखादी जाड पोरगी असेल. तिला 'धम्म' म्हणत असतील. असेलच. तिची मागते. तुमची नाही."

आणि ती मंचावरून उतरून कॅमेऱ्यांमधून वाट काढत बाहेर गेली. दारात सुतारकाकांनी तिला गाठलं.

"मावशी, मी काय करणार होतो? सांगतील तसं कापायचं."

"माहीत आहे, काका."

"रागावलात माझ्यावर?"

"हो," मावशी म्हणाली. "सगळ्यांबरोबर तुमच्यावरही." काका मान खाली घालून उभे राहिले. तिला वाईट वाटलं, पण शब्द तिनं मागे घेतला नाही.

रविवारच्या वर्तमानपत्रांत मथळा होता, 'धम्ममावशीनं अखेर माफी मागितली'. खाली चार ओळी. तिसऱ्या ओळीत मुख्याध्यापकांनी समाधान व्यक्त केलेलं. नवऱ्यानं पेपर लपवायचा प्रयत्न केला, पण शेजारणीनं कौतुकानं आणून दिला. "बरं केलंत हो, मिटलं एकदाचं." मावशीनं पेपरचे इतके बारीक तुकडे केले की नंतर केरसुणीनंही निघेनात.

चॅनलनं नियम केला, शरीराचा कुठलाही अशोभनीय आवाज मुलांच्या मालिकेत येणार नाही. मावशीचा करार संपला तो पुन्हा झाला नाही. कुणी फोनही केला नाही.

दोन महिन्यांनी ती मणक्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेली होती. बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं आणि दोन मुलं बसली होती. कोपऱ्यात टीव्ही लागला होता. तीच मालिका, तेच दुकान. दुकानात नवी दुकानदारीण होती. हडकुळी, जेमतेम पंचविशीची पोरगी, अंगावर स्पंजचा फुगवलेला पोशाख आणि गालांत काहीतरी कोंबलेलं. मावशीच्याच नाकातल्या सुरात ती चार वाक्यं बोलली आणि खुर्चीवर बसली.

खुर्ची मोडली. दोन्ही मुलं टाळ्या पिटून हसली. त्यांची आई हसली. गुडघ्याला पट्टा बांधलेला एक म्हातारा हसला.

मावशी कमरेवर हात ठेवून उठली, टेबलावरचा रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"अहो, मुलं बघतायत ना!" आई म्हणाली.

"बघतायत ते दिसतंय मला."

"काय माणसं असतात! स्वतःला आवडत नसेल तर..."

"हो, नाही आवडत," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की आतली व्यायाम करून घेणारी मुलगी दार उघडून बाहेर आली. तिनं मावशीचा नंबर पुकारला. मावशी रिमोट घेऊनच आत गेली आणि पलंगावर पालथी झोपली. मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मावशी, मूठ सोडा. पाठ आखडतेय तुमची."

"नाही सोडणार," मावशी उशीत तोंड खुपसून म्हणाली. "तू तुझं काम कर."