भिंतीवरचा बेचाळीस

नागपुरात आल्यावर पहिली दोन वर्षं मी भिंतीत एकही खिळा ठोकला नाही. लग्नात आईनं दिलेला हातभर आरसा जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेला असे. वेणी घालायची झाली की तो काढायचा, पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि काम झालं की परत गुंडाळायचा. माझे यजमान म्हणायचे, "अगं, एक खिळा ठोक की." मी हो म्हणायचे आणि ठोकायचे नाही. ठोकलेला खिळा एक दिवस उपटावा लागतो, हे मला तोवर चांगलं कळलं होतं.

सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका गावाहून आम्ही इतक्या लांब आलो, कारण यजमान ट्रकवर क्लीनर होते आणि त्यांच्या मालकानं नागपूरच्या वाडी भागात गोडाऊन घेतलं होतं. दोन वर्षांत चार खोल्या झाल्या. पहिली मालकाच्या मुलाच्या लग्नापायी गेली. दुसरी पाण्यावरून, तिसरी कशावरून ते आजवर कळलं नाही. चौथ्या घरची मालकीण एकदा माझ्या पोटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाळंतपण आमच्या इथी नाई जमणार, बाई." मला तेव्हा तिसरा महिना होता. त्या दिवसापासून माझं जेवण तुटलं. घास तोंडात घेतला की वाटायचं, हे पोर कुठल्या छपराखाली येणार?

तेव्हा मी गोडाऊनमध्ये बारदान शिवायला जायचे. फाटक्या पोत्यांना दाभणानं सुतळीचे टाके घालायचे, एवढंच काम. शाळा पाचवीत सुटली होती, आई आजारी पडली म्हणून. पण हात शिवणाला चांगला होता. माझ्या शेजारी बसून शिवणारी एक बाई होती, पन्नाशीची, उंच, आवाजाला खणखणीत. मी तिला मावशी म्हणायचे. गोडाऊनच्या मागं नाल्याच्या बाजूला सरकारी जागेवर झोपड्यांची ओळ होती, तिथं ती राहायची. दीक्षेच्या साली नवरा-बायकोनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी गाव सोडून इथं आले, असं ती सांगायची. नवरा आता नव्हता.

चौथी खोली सुटल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिनंच विचारलं, "काहून वं, टाके वाकडे घालून राहिली आज?"

मी रडले. तिनं दाभण पोत्यात खोचून ठेवलं आणि म्हणाली, "आमच्या ओळीच्या शेवटी कुडाची एक खोली रिकामी हाय. राहणारा भिलाईले गेला, मलेच सांगून गेला का कोणाले गरज पडली तं दे म्हणून. मातीनं लिंपून घे आन राहा. भाड्याचं नाव नको काढू."

तशी ती खोली मिळाली. तिची पडवीकडची भिंत पश्चिमेला तोंड करून होती, मातीची, जुनी, पोपडे आलेली. पावसाळा गेला, थंडी आली. चार महिने झाले तरी मला कुणी निघ म्हटलं नाही. तरी रस्त्यावर मोठी गाडी थांबली की मी ट्रंकेचं कुलूप चाचपून बघायचे.

पौष महिन्यात एका दुपारी मी कामावरून आले तर भिंतीवर काळ्या रंगात मोठा आकडा काढलेला होता. ४२. ओळीतल्या सगळ्याच घरांवर असे आकडे होते. मावशी म्हणाली, "सरकारची माणसं आली होती. तुह्या नवऱ्याचं नाव, गाव, किती माणसं, सारं मी सांगतलं." मी बरं म्हटलं. आमच्या गावाला दरवर्षी मलेरियावाले यायचे, औषध फवारायचे, घरात माणसं किती ते लिहून घ्यायचे आणि दाराशेजारी गेरूनं आकडे काढून जायचे. सण आला की आई त्यावर पांढरी माती फिरवायची. हे त्यातलंच, असं मी धरून चालले. विचारावंसं वाटलं नाही असं नाही. पण परक्या मुलखात प्रत्येक गोष्ट विचारणारं माणूस लोकांना जड होतं, अशी माझी समजूत होती. मी कुणाला जड व्हायला तयार नव्हते.

संक्रांत जवळ आली. ओळीतल्या बायकांनी मला चार महिने पाणी भरू दिलं होतं, कोळसे दिले होते, रात्री-अपरात्री यजमान ट्रकवर असले की हाक घातली होती. त्यांना पहिल्यांदा माझ्या घरी बोलवायचं मी ठरवलं. मावशीला विचारलं तर म्हणाली, "आमी हळदकुंकू लावत नाई पोरी, पर तिळगूळ खायले कोन नाई म्हनते?"

आदल्या दिवशी पहाटे उठून मी ती भिंत पोतायला घेतली. पांढरी माती रात्रीच भिजवली होती. माती भिंतीला घट्ट धरावी म्हणून आई त्यात भाताची पेज घालायची. मीही घातली. दोन हात दिले. काळा आकडा पहिल्या हाताला दिसत होता, दुसऱ्या हाताला दिसेनासा झाला. मागं सरकून बघितलं तर भिंत दुधासारखी झाली होती. सातवा महिना होता, कंबर मोडून आली होती, पण मला फार बरं वाटलं.

मावशी नळावरून पाण्याचा गुंड भरून घेऊन आली आणि माझ्या भिंतीसमोर उभी राहिली. पाणी तिच्या खांद्यावर सांडत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

"पोरी, नंबर कुठी गेला वं?"

मी सांगितलं. मलेरियाचं सांगितलं.

तिनं गुंड खाली ठेवला. "मलेरियावाले मच्छर पाहतात. हे आपली गिनती करून राहिले होते. ज्या घरावर नंबर हाय त्याले कागद भेटणार. ज्याच्यावर नाई ते मोजनीनंतर बांधलेलं म्हनून पाडणार. तुले कोनी सांगतलं नाई?" मग स्वतःच म्हणाली, "मीच नाई सांगतलं. मले वाटलं तुले समजलं."

"कधी येणार ते?"

तिनं मान वळवली. ओळीच्या दुसऱ्या टोकाला पत्रा उपटल्याचा आवाज आला, आणि मागून एका बाईचं मोठ्यानं बोलणं. ते आलेच होते. त्या टोकाला कुणीतरी आठवड्यापूर्वी नवं खोपट उभं केलं होतं. त्यावर आकडा नव्हता.

यजमान उमरेडला कोळसा भरायला गेले होते, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. मी बादलीत फडकं बुडवलं आणि भिंतीकडे धावले. मावशीनं माझं मनगट धरलं.

"पानी नको लावू. जुनी भिंत हाय, ओली झाली का पोपड्यासंगं नंबरही हातात येईन. मंग काय दाखवशील, फडकं?"

"मग काय करू?"

"तो रंग तेलाचा हाय. त्याच्यावर माती वाळली का धरत नाई, सुटते. वाळू दे."

पण भिंत पश्चिमेची, ऊन दुपारनंतर यायचं. हवा अशी गार की गुंडातल्या पाण्यावर वाफ दिसावी. मी नुसती उभी राहिले. पोटात पोर एकदम हललं.

मावशीनं पदर खोचला आणि ओळीकडे तोंड करून हाक दिली, "शेगड्या आना वं बायांनो, पेटल्या असतीन तशा. बोलायचं मंग बोला, आधी शेगडी आना."

सकाळची वेळ, प्रत्येक घरात चहाची शेगडी धगधगत होती. बायका बारदानाच्या तुकड्यांनी कडा धरून शेगड्या घेऊन आल्या. कुणी पिंप उलटं केलं, कुणी खोकं आणलं, आणि आकड्याच्या जागेसमोर छातीइतक्या उंचीवर पाच शेगड्या मांडल्या. नेमकी जागा कोणती यावर दोघींची जुंपली. एक म्हणे दाराजवळ, दुसरी म्हणे खिडकीखाली. मीच हात ठेवून दाखवलं. रोज बघितलेला आकडा होता तो. पुठ्ठ्यानं वारा घालायला लागलो. भिंतीतून वाफ निघू लागली. ओल्या मातीचा आणि पेजेचा वास आला, भाकरी करपल्यासारखा.

"पेज घातली काय वं यात?" मावशीनं विचारलं.

मी हो म्हटलं. तिनं कपाळाला हात लावला. "तुही माय लई हुशार होती. चिकटून बसन ते."

तेवढ्यात माणसं आमच्यापर्यंत पोचली. दोघे कारकून होते, एक वयस्क, मफलर गुंडाळलेला, दुसरा जाड रजिस्टर घेतलेला. मागं दोन मजूर, एकाच्या खांद्यावर सब्बल, आमच्याकडची पहार. मजुरानं ती सब्बल माझ्या दाराशी टेकवली. त्या लोखंडाचा जमिनीला लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

म्हाताऱ्या कारकुनानं शेगड्यांकडे बघितलं. "हे काय लावलं?"

"पोरगी पोटुशी हाय, साहेब," मावशी म्हणाली. "थंडी वाजून राहिली तिले."

"तिला वाजते तर भिंतीला काय शेकता? नंबर कुठी आहे या घराचा?"

"येऊन राहिला. दहा मिन्टं बसा, च्या घ्या."

मजूर हसला. म्हातारा हसला नाही. मला म्हणाला, "तुम्ही बोला, बाई."

मी सगळं खरं सांगितलं. मलेरिया, संक्रांत, पांढरी माती. माझा आवाज इतका बारीक झाला होता की त्यानं दोनदा विचारलं. रजिस्टरवाला पान उलटून म्हणाला, "बेचाळीसला नाव आहे साहेब, साताऱ्याचा मानूस."

"नाव असेल," म्हातारा म्हणाला. "पण बेचाळीस म्हणजे हेच घर कशावरून? ओळीचं शेवटचं घर आहे. खरा बेचाळीस पाडून दुसऱ्यानं बांधलं असं वरून कोणी म्हटलं तर? भिंतीवर नंबर पाहिल्याशिवाय मला सही करता येत नाही." तो कठोर बोलत नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. ओरडणाऱ्या माणसाच्या पाया पडता येतं. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि पिंपाच्या कडेला टेकला. "दहा मिनिटं म्हणालात ना. दहा मिनिटं."

बायकांनी वारा वाढवला. पुठ्ठ्यांचा फडफड आवाज तेवढा. भिंत आधी करडी दिसत होती, मग फटफटीत पांढरी झाली, मग तिच्यावर केसासारख्या रेघा उमटल्या. नखाएवढा एक पोपडा सुटून शेगडीत पडला आणि चरचरला. खाली काळं दिसलं. मग आणखी एक पडला. चारची खालची गाठ दिसली, मग त्याचे वरचे दोन हात.

"चार," मजूर म्हणाला.

पण दोनाच्या जागी काही होईना. तिथं पेज जास्त लागली असावी. माती तडकली होती आणि तशीच धरून बसली होती. म्हाताऱ्यानं परत घड्याळ बघितलं.

मी घरात गेले आणि दाभण घेऊन आले.

"खरवडू नका," रजिस्टरवाला म्हणाला. "नवा काढला म्हणतील."

"काढू दे," म्हातारा म्हणाला. "मी बघतो आहे."

दोन वर्षं रोज शेकडो टाके घातलेलं दाभण होतं ते. फाटक्या पोत्याचा धागा न तोडता त्याच्याखाली कसं शिरायचं, एवढी एकच विद्या मला येत होती. शेगडीच्या धगीनं तोंड भाजत होतं. तडकलेल्या रेघेत टोक घातलं, अलगद आडवं केलं आणि उचललं. बोटभर पोपडा अख्खा हातात आला. खाली दोनाचा वरचा बाक होता. दुसऱ्या पोपड्याखाली त्याची शेपूट. शेपटीचा टोकाचा भाग मातीबरोबर निघाला, पण दोन तो दोनच होता.

म्हातारा उठला, आकड्यावरून अंगठा फिरवला, बोट काळं झालं नाही ते बघितलं. ताजा रंग नव्हता. त्यानं रजिस्टर मागितलं, खूण केली, सही केली. जाताना मावशीला म्हणाला, "आता पाजा च्या." आणि खरंच उभ्या उभ्या कप घेतला, त्याच शेगडीवरचा. मजुरानं सब्बल उचलली.

मी त्याला नमस्कार केला की नाही, आठवत नाही. मावशीच्या पायाला हात लावायला वाकले तर तिनं दंड धरून वर ओढलं. "पोट सांभाळ. पायात काय ठेवलं हाय?"

पुढं दर संक्रांतीला मी भिंत पोतायचे तेव्हा आकड्याभोवती वीतभर चौकोन सोडायचे. तेवढी जागा काळवंडलेलीच राहिली. माझी मोठी मुलगी आकडे शिकली ते त्या चौकोनावर बोट ठेवून, आधी चार, मग दोन.

त्या दिवशी मात्र सगळ्या शेगड्या परत गेल्यावर मी ट्रंक उघडली, लुगडं सोडून आरसा काढला आणि मावशीकडे खिळा मागितला. दाराशेजारी ठोकला. दोन ठोक्यांत तो मातीसकट बाहेर आला. परत ठोकला, परत आला. मावशी उंबऱ्यात बसून तिळगूळ खात होती, उद्याचा आजच.

"भिंत ओली हाय अजून," ती म्हणाली. "परवा ठोक."

मी खिळा आणि आरसा भिंतीच्या पायथ्याशी ठेवला. ट्रंकेला त्या रात्री कुलूप लावलं नाही. परवाची वाट बघत झोपले.