पंखे बदलले त्या रविवारी

शिक्रापूरला माझी भाड्याची एकच खोली. पलंग, गॅस आणि खिडकीखाली कॉम्प्युटर. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं मी त्यावर तयार करून देतो. बंगला बाहेरून कसा दिसेल, हॉलमध्ये ऊन कुठून येईल, अशी. चित्र तयार होत असताना कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड भयंकर तापतं आणि त्याच्यावरचे तीन बारके पंखे किंचाळत राहतात. एकटा होतो तोवर मला त्याचं काही वाटलं नाही.

मग ताई राहायला आली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, दौंडला दिलेली. तिला कॅन्सर निघाला होता आणि केमोसाठी पुण्याला जावं लागायचं. दौंडहून ये-जा करण्यात ती पार गळून जायची. दाजी रेल्वेत, ड्युटीचा नेम नाही. त्यांचाच फोन आला. "तुझ्याकडं ठेवू का जरा? तिथनं पुणं जवळ पडंल."

आठवडाभर तिनं पंख्यांच्या आवाजाची तक्रार केली नाही. एका दुपारी बघितलं तर तोंड उशीत खुपसून पडलेली.

"ह्या आवाजाचा त्रास होतोय का?"

"न्हाई रं. तुझं काम हाय ते. चालू दे."

मला ते पटलं नाही. रविवारी कार्ड बाहेर काढून टेबलावर घेतलं. मूळचे पंखे काढून तिथं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला लावतात तसले दोन मोठे पंखे बसवायचं ठरवलं होतं. मोठा पंखा हळू फिरला तरी हवा भरपूर देतो. त्याआधी चिपची उष्णता ओढून घेणारी, पण वाळून खडूसारखी झालेली पेस्ट खरवडून नवी लावायची होती.

ताई उठून शेजारी बसली. "मी देऊ का काही हातात?"

ती वीस वर्षं ब्लाउज शिवत आलेली. काजं करावीत तर तिनं. बारीक कामाला तिच्यासारखा हात नाही, म्हणून स्क्रूंची वाटी मी तिच्याकडे सरकवली. पहिला स्क्रू तिच्या हातून पडला. दुसराही पडला. तिसऱ्या वेळी तिनं चिमूट माझ्या तळव्यावर आणून सोडली आणि म्हणाली, "घे."

तळव्यावर काहीच नव्हतं. स्क्रू वाटीतच होता. तिनंही ते बघितलं.

"बोटं बधिर झाल्यात," ती म्हणाली. "दोन महिनं झालं. औषधानं व्हतं म्हणं."

"आणि शिवण?"

"तुझ्या दाजींना सांगितलंय, मशीनचा पट्टा तुटलाय."

पुढचे स्क्रू मी उचलले. मोठे पंखे केबल टायनं आवळले, वायरी जोडल्या, कार्ड परत बसवलं. एक जड चित्र चालवून बघितलं. आधी पंच्याऐंशीच्या वर जाणारं तापमान सत्तरच्या आत राहिलं आणि आवाज जवळजवळ नाहीच.

"चालू हाय व्हय?" ताईनं विचारलं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे पाठ करून काम करत होतो. मागून कण्हणं ऐकू आलं. बारीक, दर श्वासाला, दात आवळून काढलेलं. मी वळलो.

"ताई, दुखतंय?"

कण्हणं थांबलं. "न्हाई. कूस वळत व्हते."

ते कण्हणं त्या दिवशीचं नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. इतके दिवस ती माझ्या पाठीमागे कण्हतच होती. पंख्यांच्या गोंगाटात तिला तेवढं मोकळं होता येत होतं, आणि तो आडोसा मी स्वतःच्या हातानं काढून घेतला होता. मला ऐकू येतं हे कळल्यावर तिनं कण्हणंही दाबून टाकलं. ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत पडायची.

मग मी दिवसातून तीन-चार वेळा चहाचं निमित्त काढून बाहेर जाऊ लागलो. जिन्याच्या पायरीवर बसायचो. हायवेवरून ट्रक जात राहायचे. अर्ध्या तासानं, चपला वाजवत वर यायचो.

केमोच्या पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी दुखण्याच्या गोळ्या वाढवून दिल्या. ताई मात्र रागावली, परतताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. दोन दिवसांनी म्हणाली, "मला दौंडला सोड. माझ्या घरी."

मी सोडून आलो आणि तिथंच ती वारली. त्याला दोन महिनेही लागले नाहीत.

दहावा झाल्यावर पाहुणे पांगले. दाजी आणि मी ओट्यावर बसलो होतो. मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं व्हती तवा लई दुखायचं का तिला?"

"हो," मी म्हणालो.

"हितं एकदा बी म्हणली न्हाई. मला वाटायचं, झोपलीय."

ते उठून आत गेले. मी नाही म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.