डिम्फना गॅफनीची चूल आणि मध्येच थांबलेली मिस्सा

डिम्फना गॅफनीला थंडी कधी झोंबत नाही, थंडीवर सल्ले देणारी माणसं झोंबतात. वय एकाहत्तर, अंगानं काटकुळी, नवरा गेल्यापासून सोळा वर्षं एकटी. तिच्या स्वयंपाकघरात काळी लोखंडी चूल आहे. चुलीच्या पाठीला बॉयलर, आणि त्यातलं गरम पाणी खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरांत फिरवायला विजेचा छोटा पंप. जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या विटा. त्या ती स्वतः रचते. ढिगाला कुणी नावं ठेवली की त्या माणसाशी वर्षभर अबोला.

या खेपेला नावं ठेवली सख्ख्या भाच्यानं, त्यामुळे अबोला धरता येईना. कोलम कॅसलबार शहरात विम्याच्या कचेरीत बसतो आणि सगळीकडे त्याला आगच दिसते. चूल काढ, तेलावरचा बॉयलर बसव, असं दोन वर्षं चाललं होतं. शेवटी म्हणाला, "आत्या, मिस्सेच्या दिवशी मी येऊन बघतो. तुला एकटीला हे झेपत नसेल, तर हिवाळा माझ्याकडे काढायचा." त्याच्याकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून दुसऱ्याची खिडकी. डिम्फनानं महिनाभर भिंती रंगवल्या.

घरची मिस्सा, म्हणजे पाद्री घरी येऊन चालवतो ती उपासना, आमच्या वाडीत वर्षातून दोनदा होते, पाळीपाळीनं, म्हणून एका घराला दहा वर्षांनी मान मिळतो. नोव्हेंबरातली ती सकाळ डिम्फनाच्या पाळीची. डिम्फनानं पहाटेच चूल गच्च भरली. मग माणसं येऊ लागली. आमच्याकडे दुसऱ्याच्या चुलीशी नुसतं जाऊन बसत नाहीत. ढिगातली एक वीट उचलायची, आत टाकायची, मग टेकायचं. एकतीस माणसं आली. एकानंही रीत मोडली नाही. माझी वीट तेविसावी असावी. आत जागा नव्हती, मी ढोपरानं रेटली.

फादर टोलन यांनी मिस्सा सुरू केली तेव्हा खोलीत पाव भाजला असता. पण कोट कुणी काढेना. कोट काढला म्हणजे उकडतंय असं म्हटल्यासारखं, आणि तसं म्हणणं म्हणजे घरधनिणीचा अपमान. बार्टली रुएनच्या नाकावरून घाम प्रार्थनेच्या पुस्तकावर टपटपत होता. मिस्सेआधी डिम्फनानं त्याला विचारलं होतं, बरं वाटतंय ना? तो म्हणाला, छान ऊब आहे.

शुभवर्तमानाचं वाचन चालू असतानाच वीज गेली. वारा शिंकला तरी आमची वीज जाते. मी कंपनीला सतरा पत्रं लिहिली. उत्तरं चार आली, चारही एकच. वीज गेली की पंप बंद, म्हणजे गरम पाणी जागच्या जागी उकळत राहणार. दोन मिनिटांत भिंतीतून ठोके सुरू झाले. आधी बोटानं, मग मुठीनं, मग कुणी हातोडा घेतल्यासारखे. प्रवचन पश्चात्तापावर होतं. फादरांनी आवाज चढवला. पाइपांनीही चढवला. माळ्यावरच्या टाकीत उकळतं पाणी भसाभसा उसळून पडल्याचा आवाज आला, तरी सगळे समोर बघत बसले. मिस्सेत मध्ये बोलायचं नसतं. घर उडालं असतं तर आम्ही रांगेत उडालो असतो.

कोलम मात्र उठला. वरच्या मजल्यावर जाऊन आला आणि बादली भरून चुलीत ओतायला निघाला.

"फादर, थांबा जरा," डिम्फना म्हणाली. आमच्या वाडीत पाद्र्याला असं कुणी कधी थांबवलेलं नाही. "कोलम, ती बादली खाली ठेव. तापल्या लोखंडावर पाणी ओतलंस तर चूल तडकेल आणि वाफेनं तुझं थोबाड भाजेल. वरचा गरम पाण्याचा नळ कुणी सोडलाय?"

"मीच. पाणी वाहतं राहावं म्हणून."

"बंद कर. विहिरीचा पंपही विजेवरच आहे. टाकी संपली की बॉयलर कोरडा पडेल, मग पुढचं प्रवचन वरच ऐकायचं."

तिनं चुलीची हवा बंद केली, हातात चिमटा घेतला आणि पेटत्या विटा एकेक करून बाहेर काढायला लागली. राखेची बादली भरली. कोळशाचा डबा भरला. मग तिनं भाजायच्या ताटलीतला अख्खा हॅम उचलून मिसेस रुएनच्या मांडीवर ठेवला आणि ती ताटली पुढं केली. फादर पूजेच्या झग्यातच दार धरून उभे. कोलमनं अंगणात नऊ खेपा केल्या, टाय खांद्यावर टाकून. त्याला पुढं काय करायचं हे प्रत्येक वेळी आत्याला विचारावं लागत होतं, आणि तो निमूट विचारत होता.

ठोके मंदावले. उरलेली मिस्सा अंगणात झाली, धगधगत्या ढिगाभोवती, भर वाऱ्यात. तेव्हा कुठं कोटांचं सार्थक झालं.

चहाच्या वेळी कोलमनं हिवाळ्याचा विषय काढलाच नाही. तो घसा खाकरून म्हणाला, की चूल राहू दे, फक्त वीज नसतानाही पाणी आपोआप वर चढेल असा एक रेडिएटर बसवून घेऊ, बिनपंपाचा. वरच्या मजल्यावरच लागेल तो.

डिम्फनानं हॅम कापता कापता विचार केला.

"पाहुण्यांच्या खोलीत बसव," ती म्हणाली. "थंडीचं निमित्त करून तू तीन वर्षं रात्रीचा राहिला नाहीस."