बायसनसाठी नेपरव्हिलहून नेलेल्या पुरणपोळ्या

माझे सासरे, म्हणजे बाबा, पुढच्या आठवड्यात यवतमाळला परतणार होते आणि लेबर डेच्या सुट्टीत नेमका पोळा आला होता. बाबा चाळीस वर्षं गुरांचे डॉक्टर. पोळ्याला बैलाच्या तोंडी पुरणपोळी दिल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. नेपरव्हिलमध्ये बैल कुठून आणायचा? "मातीचा चालेल," ते म्हणाले खरे, पण चेहरा पडलेला. तेव्हा आमची तेरा वर्षांची ईरा म्हणाली, "आजोबा, लेट्स गो! साउथ डकोटाला रिअल बायसन आहेत, जंगली बैलच ते!" शाळेत तिने बायसनवर प्रोजेक्ट केला होता. बाबा हसले. "इथल्या पोरांना जनावर फक्त स्क्रीनवर माहीत." ईराला ते लागलं. मला तर जास्तच.

चौदा तासांचा रस्ता आहे, एका दिवसात करू नका. आम्ही सू फॉल्सला मुक्काम केला. विस्कॉन्सिनात मका, मिनेसोटात मका, मिझुरी नदी ओलांडली की मात्र मोकळं गवताळ रान सुरू होतं. टाकी भरूनच पुढे जा, पंप लांब लांब आहेत. शाकाहारी असाल तर भाजलेला बटाटा हाच तुमचा देव, म्हणून दशम्या आणि चटणी सोबत हवीच. पुरणपोळ्या मी केल्या होत्या. दोन वेगळ्या ठेव, असं बाबांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं नैवेद्याला असतील.

दुसरी रात्र कस्टरला काढून पोळ्याच्या सकाळी तिथल्या बायसनच्या पार्कात शिरलो. पास गेटवर मिळतो. गाडीतच बसा, अशा पाट्या जागोजागी आहेत. पहिल्याच वळणावर कळप दिसला आणि बाबांनी चक्क हात जोडले.

"वशिंड केवढं मोठं, बाप्पा!"

"आजोबा, त्याच्या आत लाँग बोन्स आहेत. मसल्स तिथे अटॅच होतात. मग विंटरमध्ये तो डोकं असं असं करून स्नो बाजूला करतो आणि खालचं गवत खातो."

"आणि वादळ आलं तर?"

"गाई वादळाकडे पाठ करतात. हा वादळाकडे तोंड करून उभा राहतो."

बाबा एकेक विचारू लागले. ईराही सुटली. बायसन मुख्यतः गवत खातो, फुलझाडं बरीचशी सोडतो, म्हणून रान फुलतं. तो धुळीत लोळतो तिथे खळगे पडतात, त्यांत पावसाचं पाणी साठतं आणि बेडूक येतात. पोटाचे चार कप्पे बाबांनी सांगितले, तेवढीच त्यांची बाजू राहिली.

पुढे एक प्रचंड नर रस्त्याकडेला एकटाच उभा होता. समीरने, माझ्या नवऱ्याने, गाडी थांबवली. मी फोटोसाठी फोन काढतेय तोवर मागचं दार उघडलं. बाबा एक पाय बाहेर टाकून बसले होते, हातात त्या दोन पोळ्या.

"घाबरू नका. आयुष्य गेलं माझं यांच्यात."

"आजोबा, नो! शेपटी बघा! शेपटी वर गेलीय, तो अंगावर येईल!"

ईराने त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. नराची शेपटी खरंच ताठ उभी होती, आणि तो खुराने माती उकरत होता. बाबांनी एक क्षण बघितलं, पाय आत घेतला, दार ओढलं. समीरने गाडी हळूच पुढे काढली.

"माजाचे दिवस आहेत," बाबा म्हणाले. "मला दिसायला हवं होतं. हाताखालच्या पोरांना हेच शिकवत आलो, आधी शेपूट बघा."

"आणि त्यांना आपलं फूड द्यायचं नसतं, आजोबा. ते आजारी पडतात."

"डॉक्टर तू का मी?" ते हसले, पण डोळे भरले होते.

सकाळपासून ते उपाशी होते. पिकनिकच्या बाकावर मी ताट वाढलं, तरी हात लावेनात. मग त्यांनी त्या दोनांतली एक पोळी उचलली, तुपात बुडवली आणि पहिला घास ईराच्या तोंडात घातला. "आज मान हिचा." मग स्वतः जेवले. मला माझ्या लेकीचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

परत येऊन आठवडा झाला. गाडीतली धूळ अजून निघाली नाही, आणि ईराने धरताना तुटलेलं सदऱ्याचं बटण बाबांनी मला शिवू दिलं नाही, तसंच घेऊन गेले. काल त्यांचा यवतमाळहून ईराला व्हिडिओ कॉल आला. मागे त्यांचे जुने कंपाउंडर काका उभे होते. बाबांनी फोन त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाले, "हीच ती. माझ्याआधी हिने शेपूट पाहिलं."